संहितेची भाषा आणि आपली सही



धरमपेठेतील आमच्या अभ्यासकेंद्रावर रविवारचे संपर्कसत्र होते. ‘व्यावहारिक मराठी’चा तास संपल्यावर पंचेचाळिशीच्या एका विद्यार्थिनीने मला थांबविले. तिच्या हातात मुद्रांक कागदावर टंकलिखित केलेला चार पानी मजकूर होता. “सर, एवढं वाचून अर्थ सांगता का? पुढच्या आठवड्यात सही करायची आहे. भाऊ म्हणतो, नुसती फॉर्मॅलिटी आहे.” कागदाचे शीर्षक होते ‘हक्कसोडपत्र’. पहिले वाक्य ‘ज्याअर्थी’ या शब्दाने सुरू होत होते आणि पाऊण पान ओलांडल्यावर संपत होते.

ही विद्यार्थिनी मराठी विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. ज्ञानेश्वरीतील ओव्यांचा अन्वय ती उत्तम लावीत असे. त्या कागदावरील जवळजवळ प्रत्येक शब्द तिच्या परिचयाचा होता. मात्र वाक्याचा अर्थ तिच्या हाती लागत नव्हता. तिने सही करावी की करू नये, हा प्रश्न माझा नव्हता. तो तिचा आणि तिच्या माहेरचा होता. माझा प्रश्न असा होता : मातृभाषेत लिहिलेला आणि आपल्याच हक्कांविषयीचा मजकूर भाषेच्या विद्यार्थिनीला वाचता येत नसेल, तर दोष कोणाच्या पदरी घालायचा?

या लेखात मी एक मत मांडणार आहे. संहिताबद्ध कायदा न्याय्य ठरण्यासाठी त्यातील तरतुदी चांगल्या असणे पुरेसे नाही. ज्यांच्या संसारावर तो सत्ता चालवितो त्यांना तो वाचता आला पाहिजे. हे मत तपासून पाहण्यासाठी फ्रान्स, गोवा आणि आपले नागपूर अशी तीन ठिकाणे आपण विचारात घेऊ.

‘संहिता’ या शब्दाविषयी

‘संहिता’ म्हणजे एकत्र ठेवलेले, जोडलेले. पाणिनीने वर्णांच्या अत्यंत निकट सान्निध्याला ही संज्ञा दिली. वेदांच्या संहिता, चरकसंहिता यांतही ‘सुसंगत संग्रह’ हाच अर्थ आहे. कायद्याच्या क्षेत्रात हा शब्द विशेष अर्थाने येतो. एखाद्या विषयापुरता केलेला कायदा म्हणजे ‘अधिनियम’. जीवनाच्या एका संपूर्ण क्षेत्राचे नियम क्रमवार आणि परस्परसंगत रीतीने एकत्र मांडणारा ग्रंथ म्हणजे ‘संहिता’. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्यासोबत आलेला पुराव्याचा कायदा मात्र ‘भारतीय साक्ष्य अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. नामकरणातील हा फरक भाषेच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा.

संहितेमागे एक आश्वासन असते. नियम रूढीत, पंडितांच्या स्मरणात किंवा न्यायाधीशाच्या मर्जीत विखुरलेले नाहीत, ते एका ग्रंथात आहेत आणि तो ग्रंथ उघडून कोणालाही पाहता येईल, हे ते आश्वासन होय.

फ्रान्स : घरापासून सुरुवात

या आश्वासनाचे आधुनिक जगातील सर्वांत प्रभावी रूप म्हणजे १८०४ ची फ्रेंच नागरी संहिता. राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्सच्या उत्तर भागात प्रांतोप्रांतीच्या रूढी चालत, तर दक्षिणेत रोमन कायद्याची परंपरा होती. नेपोलियनने त्रोंशे, पोर्तालिस, बिगो द प्रेआमन्यू आणि मालव्हिल या चार विधिज्ञांकडे मसुद्याचे काम सोपविले. तयार झालेल्या संहितेत २,२८१ कलमे होती आणि तिचे तीन भाग होते : व्यक्ती, मालमत्ता आणि मालमत्ता संपादन करण्याचे मार्ग. जन्मनोंद, विवाह, घटस्फोट, पालकत्व, वारसा, करार, कर्ज आणि भाडे हे सर्व त्यात आले. पुढे १८०६ मध्ये दिवाणी प्रक्रियेची, १८०७ मध्ये व्यापाराची, १८०८ मध्ये फौजदारी प्रक्रियेची आणि १८१० मध्ये दंडाची अशा आणखी चार संहिता आल्या. आज फ्रान्समध्ये कामगार, ग्राहक, नगररचना, शिक्षण, सार्वजनिक आरोग्य अशा जवळजवळ प्रत्येक क्षेत्राला स्वतःची संहिता आहे.

खासगी आणि सार्वजनिक यांमधील सीमाही तेथे स्पष्ट आहे. बोर्दो येथील सरकारी तंबाखू कारखान्याच्या गाडीमुळे एक लहान मुलगी जखमी झाली. तिच्या भरपाईचा वाद १८७३ मध्ये ‘ब्लांको’ निर्णयाने गाजला. व्यक्ती-व्यक्तींमधील संबंधांसाठी रचलेले नागरी संहितेचे नियम शासनाच्या उत्तरदायित्वाला लागू होत नाहीत, असे त्यात ठरले. शेजाऱ्याशी असलेला वाद एका न्यायव्यवस्थेकडे आणि शासनाशी असलेला वाद प्रशासकीय न्यायालयाकडे, ही फ्रेंच व्यवस्थेची ओळख त्यातून दृढ झाली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे या संहितेची भाषा. १५३९ मध्येच राजा पहिला फ्रान्स्वा याने व्हिलेर-कोतरे येथील आज्ञापत्राने न्यायालयीन कागदपत्रे लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहिण्याचा आदेश दिला होता. १८०४ च्या संहितेतील अनेक कलमे एका छोट्या वाक्याची आहेत. कादंबरीकार स्तांदाल याने बाल्झाकला लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे की, एक कादंबरी लिहिताना भाषेचा सूर साधावा म्हणून तो रोज सकाळी या संहितेची काही पाने वाचीत असे. कायद्याचा ग्रंथ गद्यलेखनाचा आदर्श ठरावा, ही गोष्ट आपल्याला विचारात पाडणारी आहे.

तथापि येथे सावध व्हावयास हवे. त्याच संहितेतील एका छोट्या, सुबोध कलमाने पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे असे सांगितले होते. विवाहित स्त्रीची कायदेशीर अक्षमता फ्रान्समध्ये १९३८ साली दूर झाली आणि पतीच्या संमतीवाचून नोकरी करण्याचा हक्क तिला १९६५ च्या कायद्याने मिळाला. भाषा सुबोध असली म्हणजे न्याय होतोच असे नाही. सुबोधतेने एवढेच होते की अन्याय लपून राहत नाही. कलम वाचता येते, म्हणून त्याच्याशी भांडताही येते.

गोवा : पोर्तुगीजमध्ये लिहिलेला मराठी संसार

फ्रेंच संहितेचा प्रभाव युरोपभर पसरला. पोर्तुगालमध्ये आंतोनियु लुईश द सेआब्रा यांच्या मसुद्यावरून १८६७ ची नागरी संहिता तयार झाली आणि १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६२ च्या संसदीय कायद्याने तेथील पूर्वीचे कायदे, बदलले जाईपर्यंत, चालू ठेवले. पुढे दंडविधान आणि करार यांसारख्या क्षेत्रांत भारतीय कायदे आले. विवाह, पती-पत्नींची मालमत्ता आणि वारसा या क्षेत्रांत मात्र पोर्तुगीज कायदा राहिला. गंमत अशी की, खुद्द पोर्तुगालने १९६७ मध्ये नवी संहिता अमलात आणून जुनी रद्द केली. लिस्बनमध्ये जी इतिहासजमा झाली, ती पेडणे-काणकोणातील संसारांवर अजून सत्ता चालविते. वारसाहक्काच्या भागासाठी गोव्याने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला, तो २०१६ मध्ये अमलात आला. त्याचा सांगाडाही त्याच परंपरेचा आहे. पोर्तुगीज मूळ असले तरी भारतीय संसदेने स्वीकारल्यामुळे हा कायदा आता भारतीयच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

या कायद्याने घरात काय बदलते ते पाहा. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा ठरतो. घर पतीच्या एकट्याच्या नावावर असले तरी पत्नीच्या सहीवाचून ते विकता येत नाही. मुलगा आणि मुलगी यांना समान वारसा मिळतो. मुले असताना मृत्युपत्राने संपत्तीच्या केवळ अर्ध्या भागाची हवी तशी विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा भाग मुलांचा, तो त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

नागपुरात याच्या उलट स्थिती आहे. पतीच्या कमाईतून घेतलेले आणि त्याच्याच नावावर असलेले घर तो पत्नीच्या सहीविना विकू शकतो. तिला निवाऱ्याचे संरक्षण आहे, केवळ विवाहामुळे मालकी मात्र मिळत नाही. स्वकष्टार्जित संपत्ती मृत्युपत्राने मुलीला पूर्णपणे डावलून देणेही येथे शक्य आहे.

तेव्हा गोव्याचा कायदा आदर्श मानावा काय? माझे उत्तर ‘अंशतः’ असे आहे. सामाईक मालमत्तेचा कारभार त्या संहितेने पतीच्याच हाती ठेवला होता. हिंदूंच्या रूढींविषयीच्या १८८० च्या आदेशात ठरावीक वयापर्यंत पत्नीला मूल किंवा पुत्र न झाल्यास पतीला दुसऱ्या विवाहाची वाट मोकळी होती. ‘सर्वांना एकच कायदा’ असे ज्याविषयी नेहमी म्हटले जाते, त्यातही असे कोपरे आहेत.

माझा मोठा आक्षेप भाषेचा आहे. गोव्यातील असंख्य कुटुंबे कोकणी बोलतात आणि मराठी वाचतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही वाव ठेवला. त्यांच्या लग्नाचे, घराचे आणि वारशाचे नियम मात्र पोर्तुगीजमध्ये होते. मुक्तीनंतरच्या पिढ्यांना ती भाषा येत नव्हती. शासकीय इंग्रजी अनुवाद राजपत्रात येण्यास २०१८ साल उजाडले. सत्तावन्न वर्षे नागरिक आणि त्याचा कायदा यांच्यामध्ये वकील, नोटरी आणि ऐकीव माहिती एवढेच पूल होते. ग्रंथ कोणालाही उघडून पाहता येईल, हे संहितेचे मूळ आश्वासन तेथे पाळले गेले नाही.

नागपूर : संहितेविना राहिलेले घर

आता आपल्याकडे वळू. ब्रिटिशांनी भारतात नेमका उलटा क्रम स्वीकारला. १८६० चे दंडविधान, १८७२ चा करार कायदा अशा प्रकारे गुन्हा आणि व्यापार यांचे नियम त्यांनी ग्रंथबद्ध केले. विवाह आणि वारसा मात्र वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेपासून ज्याच्या त्याच्या धर्मशास्त्रावर सोपविले. फ्रान्सने संहितेची सुरुवात घरापासून केली; आपल्याकडे संहिता घराच्या उंबरठ्याशी थांबली.

वारसा अनिश्चित असला की काय होते, हे नागपूरकरांना निराळे सांगावयास नको. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. राजघराण्यातील स्त्रियांना दत्तक घ्यावयाचा होता. डलहौसीने वारस नसल्याचे कारण दाखवून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. दत्तक केव्हा, कोणी घ्यावा आणि त्याला मान्यता कोणी द्यावी, या प्रश्नांचा निकाल शास्त्राने लागला नाही. तो बलवंताने लावला.

घरातील वारशासाठी आधार होता तो विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या टीकेचा. ती याज्ञवल्क्यस्मृतीवर चालुक्यांच्या कल्याणी येथे, म्हणजे आजच्या सीमाभागातील बसवकल्याण येथे, लिहिली गेली. ‘मिताक्षरा’ म्हणजे मोजक्या अक्षरांची. नाव असे असले तरी ग्रंथ संस्कृतात होता आणि ज्या लेकीसुनांचा वाटा त्यावर ठरत होता त्यांना तो वाचावयास मिळणे शक्यच नव्हते.

घराचा कायदा ग्रंथबद्ध करण्याचा मोठा प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिलाच्या रूपाने केला. ते रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागील कारणांत हे एक प्रमुख होते. नंतर १९५५-५६ मध्ये विवाह, वारसा, पालकत्व, दत्तक व निर्वाह असे चार स्वतंत्र अधिनियम झाले. संकल्पित संहितेचे असे चार तुकडे झाले. मुलीला जन्मतः सहदायाद मानण्याची तरतूद महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्यापूर्वी विवाह न झालेल्या मुलींपुरती केली. देशभर ती २००५ मध्ये आली. मुलीचा हा हक्क जन्मामुळेच आहे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. कायदा येथवर पोहोचला. प्रश्न राहतो तो हा की, तो माझ्या विद्यार्थिनीच्या कागदापर्यंत पोहोचला काय?

एक विशेषण आणि एक वाक्य

त्या हक्कसोडपत्रात मिळकतीला ‘वडिलोपार्जित’ म्हटले होते. बोलीत आपण वडिलांनी बांधलेल्या घरालाही हाच शब्द वापरतो. कायद्यात मात्र त्याचा अर्थ पूर्वजांकडून वारशाने चालत आलेली मिळकत असा होतो. वडिलांनी स्वतः कमावलेली ती ‘स्वकष्टार्जित’. पहिलीत मुलीला जन्मतः वाटा असू शकतो. दुसरीत वडील हयात असेतो वाटा नाही. मृत्युपत्र न करता ते वारले तर ती आई व भावंडांच्या बरोबरीने वारस ठरते. एका विशेषणावर हक्काचे अस्तित्व अवलंबून आहे आणि ते विशेषण आपण सैलपणे वापरतो. त्या कागदात ‘भविष्यात उत्पन्न होणारा हक्क’ असेही शब्द होते. हयात व्यक्तीच्या संपत्तीत पुढे कधी तरी वारसा मिळेल ही नुसती आशा साधारणतः हस्तांतरित करता येत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे तत्त्व आहे. ते मात्र तिला कोणी सांगितले नव्हते.

आता वाक्यरचनेकडे वळू. ‘ज्याअर्थी… त्याअर्थी…’ ही चौकट इंग्रजी दस्तऐवजांच्या छायेत आपल्याकडे रूढ झाली. तिच्यात ‘सदरहू’, ‘मजकूर’, ‘सबब’ हे फारसी-अरबी काळातील शब्द येऊन बसले. एकावर एक राजवटी गेल्या. प्रत्येकीने आपला थर मागे ठेवला. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून असा एक थर उतरविण्याचा प्रयत्न केला होता, हे तुम्ही अभ्यासले आहे. याच दस्तऐवजात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे अस्सल मराठी शब्दही आहेत. कोण काय करीत आहे हे त्यांवरून लहान मुलालाही कळते. म्हणजे मराठीत सामर्थ्य नाही असे नव्हे.

कायदेपंडित म्हणतील, ‘अचूकतेसाठी अवघड भाषा लागतेच.’ या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो अर्धाच खरा आहे. ‘सहदायाद’, ‘चतुःसीमा’, ‘मोबदला’ या संज्ञा राहू द्या. त्यांना पर्याय नाही आणि त्या शिकता येतात. संज्ञेचा अवघडपणा वेगळा आणि वाक्याचा अवघडपणा वेगळा. पाऊण पानाच्या वाक्याने अचूकता वाढत नाही. कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट होते एवढेच. त्या पाऊण पानाचा आशय आम्ही फळ्यावर असा लिहिला :

‘हे घर आमच्या आजोबांचे होते. त्यात माझा तिसरा हिस्सा आहे. तो मी माझ्या भावाला देत आहे. त्याबद्दल मी पैसे घेतलेले नाहीत. यापुढे मला किंवा माझ्या मुलांना तो हिस्सा परत मागता येणार नाही.’

वर्ग काही क्षण स्तब्ध होता. ‘फॉर्मॅलिटी’ या शब्दाआड काय दडले होते, ते आता प्रत्येकाला दिसत होते.

मागणी आणि जबाबदारी

महाराष्ट्राने १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम केला. भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोशासह अनेक परिभाषाकोश तयार केले. जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठीला स्थान मिळाले. धरमपेठेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात मात्र, संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे, कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. या सर्व प्रयत्नांत शब्दांवर पुष्कळ श्रम झाले. वाक्यावर फारच थोडे. म्हणून माझी मागणी साधी आहे. वारसा, विवाह आणि घर यांविषयीच्या प्रत्येक नोंदणीकृत दस्तऐवजाच्या आरंभी पाच-सहा सरळ वाक्यांचा मराठी गोषवारा असावा आणि सही करणाऱ्याला तो वाचून दाखविला जावा. देशात समान नागरी संहितेची चर्चा पुन्हा पुन्हा होते. संविधानाच्या अनुच्छेद ४४ ने तिचा निर्देश केला आहे आणि तिच्या बाजूने व विरोधात गंभीर युक्तिवाद आहेत. तुमचे मत कोणतेही असो, एक अट दोन्ही पक्षांना मान्य व्हावी : जी संहिता घरात येणार आहे, ती त्या घरातील भाषेत यावी.

काही जबाबदारी आपलीही आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी नोकरी, शेती, संसार सांभाळून अनेक वर्षांनी पुस्तक उघडले आहे. घरात येणारा खरेदीखताचा, कर्जाचा किंवा मृत्युपत्राचा कागद आता तुमच्यापुढेच येईल, कारण ‘तू मराठी शिकतेस ना’ असे घरातले म्हणतील. तेव्हा आधी क्रियापद शोधा, मग कर्ता शोधा, मग विशेषणे तपासा. अर्थ लागला तरी सल्ला जाणकाराचाच घ्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे.

त्या विद्यार्थिनीने शेवटी सही केली की नाही, हे मी विचारले नाही. पुढच्या रविवारी ती तोच कागद घेऊन आली. त्यावर तीन ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि समासात तीन प्रश्न लिहिलेले होते. ते प्रश्न ती भावापुढे ठेवणार होती.

विचारासाठी

१. आपल्या घरातील कोणताही एक दस्तऐवज घ्या. त्यातील सर्वांत लांब वाक्याचा आशय पाच छोट्या वाक्यांत लिहा.

२. ‘वडिलोपार्जित’प्रमाणे बोलीत एक आणि कायद्यात दुसरा अर्थ असणारे आणखी दोन शब्द शोधा.

३. ‘सुबोध पण अन्यायकारक’ आणि ‘न्याय्य पण दुर्बोध’ यांपैकी कोणता कायदा बदलणे अधिक सोपे? आपले मत सकारण मांडा.